काचेवरचा चिखल आणि छोटासा पंप

भर पावसात खालापूरचा टोलनाका मागे पडतो, बोरघाट सुरू होतो आणि पुढच्या ट्रकच्या चाकांचा चिखल आपल्या गाडीची काच झाकून टाकतो. नुसता वायपर फिरवला, तर तो चिखल पुसत नाही, सारवतो! मेरी अँडरसन या अमेरिकन बाईंनी १९०३ मध्ये वायपरचे पेटंट घेतले; पण पाण्याची पिचकारी नसेल, तर वायपर म्हणजे कोरडे फडकेच.

पिचकारी बंद पडली म्हणजे पंपच जळाला, असे मात्र समजू नका. कळ दाबा आणि कान द्या. घरघर ऐकू येते, पण पाणी नाही? मग टाकी रिकामी असेल, नळी निसटली असेल किंवा नोझल धुळीने बुजले असेल. त्याला बारीक सुई पुरते. आवाजच नाही? आधी फ्यूज पाहा. तो शाबूत असून पंपापर्यंत वीज येत असेल, तरच नवा पंप आणा.

बहुतेक गाड्यांत १२ व्होल्टचा हा पंप टाकीच्या तळाशी रबरी कडीत घट्ट बसवलेला असतो. काही गाड्यांत चाकावरचे प्लास्टिकचे आच्छादन आधी काढावे लागते. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, खाली बादली ठेवा, वायरीचा जोड व नळी काढा आणि पंप ओढून घ्या. कडीही नवीच घाला. जुनी बहुधा गळते.

कर्जतला घराच्या अंगणात हे काम निवांत होते. घाटात मात्र काच पुसायला थांबण्याची सोय नसते.