चर कोरणारे यंत्र

महाड औद्योगिक वसाहतीतल्या रसायन कामगाराला ग्रामोफोन रेकॉर्डची कुळकथा पटकन उमगेल. अ‍ॅल्युमिनियमच्या तबकडीवर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा थर, त्यात कोरलेला चर, त्यावर चांदीचा फवारा, मग निकेलचा जाड मुलामा. तो सोलला की साचा, आणि साच्याखाली दाबले जाते पीव्हीसी. पण आवाजाची प्रत ठरते ती आधीच, कोरणाऱ्या लेथवर.

वडाळ्याच्या कारखान्यातून १९३५पासून 'यंग इंडिया' रेकॉर्ड निघू लागल्या, तेव्हा चर मेणात कोरत. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे. पुढे लॅकर आले, एलपी आली आणि यंत्र रचणाऱ्यांची खरी कसोटी लागली. खर्जात सुई एवढी हेलकावते की शेजारच्या चरात घुसेल. म्हणून कोरताना खर्ज दाबतात, तार स्वर उचलतात आणि वाजवताना उलटे करतात. १९५४मध्ये त्याचे प्रमाण ठरले. वेस्ट्रेक्स कंपनीने १९५७मध्ये चराच्या दोन भिंतींवर डावा-उजवा आवाज वेगवेगळा कोरून दाखवला. नीलमण्याच्या सुईला तारेचे वेटोळे घालून तापवतात, म्हणजे भिंत गुळगुळीत होते आणि खरखर घटते. बर्लिनच्या नॉयमन लेथला तर टेपवरचा आवाज क्षणभर आधीच कळतो. मोठा असेल तर ती चरांमधले अंतर वाढवते.

एक दुखणे मात्र कोणत्याही लेथला बरे करता आले नाही. बारा इंची एलपीची एक फेरी १.८ सेकंदांची. काठावर चर सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर धावतो, आत लेबलाजवळ जेमतेम २१. तिथे बारीक तपशील चेपतात. आणि आपला ख्याल! विलंबित ऐसपैस काठावर, द्रुताच्या ताना नेमक्या त्या अडचणीच्या जागी. पाश्चात्त्य यंत्र आमच्या गाण्यासाठी घडलेच नव्हते, असे माझे स्पष्ट मत आहे. वेळ हवा तर तपशील सोडावा लागतो: केसरबाई केरकरांची भैरवी घेऊन १९७७मध्ये निघालेली व्हॉयेजर अवकाशयानाची तबकडीही जास्त मजकूर मावावा म्हणून मिनिटाला १६⅔ फेऱ्यांवर ठेवली होती.

फेब्रुवारी २०२०मध्ये कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्सचा लॅकर कारखाना जळाला आणि जगाची मदार मुख्यतः जपानच्या एमडीसी कंपनीवर आली. नायट्रोसेल्युलोज किती पेट घेते, हे महाडला शिकवायला नको. पण सुरक्षेचा खर्च न टाळता तबकडीवर निर्दोष थर चढवणारा एखादा कारखानदार या वसाहतीतून पुढे यावा. मागणी आहे, पुरवठादार हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नाहीत.