बारावी झाली, पुढे काय? दिव्यांग मुलामुलींच्या शिक्षणाविषयी थोडेसे



गेल्या हंगामात ऊसबिलाच्या चौकशीला गट ऑफिसात आलेले एक सभासद जाता जाता थबकले. त्यांच्या थोरल्या मुलीला जन्मापासून ऐकू येत नाही. बारावी पास झाली, आता घरीच असते. "कॉलेजात गेलो होतो. कारकून म्हणाला, इथं तिला कोण शिकवणार? मग आणली परत." कारकुनाला उत्तर देण्याइतकी माहिती बापाजवळ नव्हती. खरे सांगायचे तर त्या दिवशी आमच्याजवळही नव्हती. नंतर जमविली, ती येथे देत आहोत.

२०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा झाला. त्याच्या ३२ व्या कलमाप्रमाणे सरकारी आणि सरकारी मदत घेणाऱ्या उच्च शिक्षणसंस्थांनी किमान ५ टक्के जागा दिव्यांगांसाठी राखून ठेवायच्या आहेत. वयाची अटही ५ वर्षांनी शिथिल होते, म्हणजे मध्यंतरी घरी बसलेल्या पोरालाही दार बंद नाही. प्रवेश नाकारला तर कारण लेखी मागा. तोंडी 'नाही'वर परत फिरू नका.

मात्र यासाठी अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्याचा दाखला लागतो. सातबारा दाखविल्याशिवाय उसाची नोंद होत नाही, तसेच हे. दाखला सिव्हिल हॉस्पिटलात तपासणी होऊन मिळतो, आणि त्यासोबत यूडीआयडी कार्ड करून घ्यावे. प्रवेशाच्या गर्दीत हे काम होत नाही, तेव्हा हंगाम संपला की लगेच उरकावे. याच दाखल्यावर अकरावीपासून पुढच्या शिक्षणासाठी केंद्राची शिष्यवृत्ती मागता येते. तिला घरच्या वार्षिक उत्पन्नाची अडीच लाखांची मर्यादा आहे.

आता वाटा. हाताला काम हवे असेल तर आय.टी.आय. आहेच. रोज जाणेयेणे झेपत नसेल तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ घरी राहून पदवी देते. ऐकू न येणाऱ्यांनी भारतीय सांकेतिक भाषा शिकविण्याचा पदविका अभ्यासक्रम जरूर पाहावा. दिल्लीच्या सांकेतिक भाषा संशोधन केंद्रात तो खास बधिर उमेदवारांसाठीच चालतो. आमच्या त्या सभासदाच्या लेकीला हे ठाऊक असते तर!

दृष्टिहीनांना वाटते, पुस्तक कोण वाचून दाखविणार? आता संगणकच वाचून दाखवितो, आणि एनव्हीडीए नावाची त्यासाठीची प्रणाली फुकट मिळते. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी लहानपणीच गेली. त्या मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये शिकल्या आणि पुढे आय.ए.एस. झाल्या. परीक्षेत लेखनिक मिळतो, तासाला २० मिनिटे जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पुरा एक तास. लेखनिकाचा अर्ज मात्र आधी द्यावा लागतो.

डॉक्टरकीचे दारही उघडू लागले आहे. केवळ दाखल्यावरचा टक्का पाहून एमबीबीएसचा प्रवेश नाकारता येणार नाही, ते अपंगत्व शिक्षणाच्या आड येते का हे तपासले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली म्हटले.

एक मात्र आम्ही स्पष्टच सांगतो. सोयी अजून सगळीकडे नाहीत. रॅम्प नाही, वर्ग दुसऱ्या मजल्यावर, असे चित्र अनेक ठिकाणी दिसते. म्हणून कॉलेज ठरविण्याआधी मुलाला सोबत नेऊन वर्ग, संडास आणि वसतिगृह पाहून या. दाखल्याबरोबर एस.टी.चे सवलतीचे ओळखपत्रही करून ठेवा, म्हणजे अशा फेऱ्यांचा भाडेखर्च हलका पडेल.