संकेतस्थळाची पुनर्रचना : नाममुद्रा, वापरसुलभता आणि मराठी मजकूर

जाहिरातीची संहिता आणि माहितीपत्रक या दोन लेखनप्रकारांचा परिचय आपण यापूर्वी करून घेतला आहे. त्यांच्याच पुढचा टप्पा म्हणजे व्यावसायिक संकेतस्थळाचा मजकूर. जाहिरात वाचकासमोर क्षणभर येते, माहितीपत्रक हातात पडते आणि बाजूला ठेवले जाते; संकेतस्थळावर मात्र वाचक काही काम घेऊन येतो. त्याला भाव पाहावयाचा असतो, पत्ता हवा असतो, मागणी नोंदवायची असते. म्हणून येथे मजकूर केवळ वाचला जात नाही, तर वापरला जातो. हा फरक ध्यानात घेतला नाही, तर पुढील विवेचन कळणार नाही.

कोणताही व्यवसाय काही वर्षांनी आपले संकेतस्थळ नव्याने घडवतो. त्याची कारणे बहुधा दोन सांगितली जातात : नाममुद्रा अधिक ठळक व्हावी आणि वापरणाऱ्याला सोपे जावे. नाममुद्रा म्हणजे बोधचिन्ह व रंग एवढेच नव्हे. ग्राहकाच्या मनात त्या नावाशी जोडलेली अपेक्षा आणि ओळख म्हणजे नाममुद्रा. ही दोन कारणे एकमेकांना पूरक आहेत असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात अनेकदा त्यांच्यात ओढाताण होते. ती कशी होते, हे एका गाजलेल्या उदाहरणावरून पाहू.

मार्क्स अँड स्पेन्सर ही ब्रिटनमधील जुनी किरकोळ विक्री कंपनी. १८८४ मध्ये लीड्स शहराच्या बाजारातील एका टपरीवजा दुकानापासून तिची सुरुवात झाली. कपडे व खाद्यपदार्थ यांसाठी ती घराघरांत ओळखली जाते. तिचे ऑनलाइन दुकान २००७ पासून अॅमेझॉनच्या तांत्रिक व्यवस्थेवर चालत होते. ती उसनी व्यवस्था सोडून कंपनीने फेब्रुवारी २०१४ मध्ये स्वतःचे नवे संकेतस्थळ सुरू केले. खर्च सुमारे १५ कोटी पौंड. नव्या रूपात मोठी छायाचित्रे होती, नियतकालिकासारखे लेख होते, पोशाखाविषयी सल्ला होता. नाममुद्रेच्या दृष्टीने पाहिले तर हे संकेतस्थळ आधीच्यापेक्षा देखणे होते, यात शंका नाही.

मात्र जूनअखेर संपलेल्या तिमाहीत कंपनीची ऑनलाइन विक्री ८.१ टक्क्यांनी घटली. जुन्या ग्राहकांची खाती नव्या व्यवस्थेत तशीच्या तशी आली नव्हती. सुमारे ६० लाख नोंदणीकृत ग्राहकांना पुन्हा नोंदणी करावी लागणार होती. नेहमीच्या वस्तू सापडत नाहीत, अशाही तक्रारी आल्या. नवे संकेतस्थळ रुळायला काही महिने लागतील, असे कंपनीने सांगितले, आणि पुढील वर्षाच्या आरंभी ऑनलाइन विक्री पुन्हा वाढीला लागलीही. तेव्हा ही पुनर्रचना फसली असा सरसकट निर्णय देणे योग्य होणार नाही. परंतु त्या मधल्या काळात काय हरवले होते, हे पाहणे आवश्यक आहे. वर्षानुवर्षे येणाऱ्या ग्राहकाला कोणती वस्तू कोठे आहे हे पाठ झालेले असते. ओळखीच्या वाण्याच्या दुकानात आपण डाळीच्या डब्यांकडे न पाहताच वळतो, तसेच हे. ग्राहकाची ही सवय हे नाममुद्रेचे खरे भांडवल आहे. ते कोणत्याही ताळेबंदात लिहिलेले नसल्यामुळे पुनर्रचनेच्या बैठकीत त्याची आठवण कोणालाच होत नाही. शिवाय ज्या ग्राहकाने आपल्यावर विश्वास ठेवला, त्यालाच दारात थांबवून ‘आपण कोण?’ असे विचारणे हा सौजन्याचाही प्रश्न आहे.

नोंदणीच्या या अडथळ्याविषयी जॅरेड स्पूल या अमेरिकी अभ्यासकाने २००९ मध्ये सांगितलेली हकिगत उद्‌बोधक आहे. एका मोठ्या विक्रेत्याच्या संकेतस्थळावर (त्याचे नाव स्पूल यांनी दिलेले नाही) वस्तू निवडून झाल्यावर, पैसे भरण्याआधी लॉगिन किंवा नोंदणी करण्याची सक्ती होती. नव्या ग्राहकाला ही सक्ती जाचत होती आणि जुन्याला आपला पासवर्ड आठवत नव्हता. स्पूल यांच्या सल्ल्यानुसार ‘नोंदणी करा’ या अर्थाचे बटण काढून तेथे ‘पुढे चला’ या अर्थाचे बटण ठेवण्यात आले आणि खरेदीसाठी खाते उघडण्याची आवश्यकता नाही, असे साध्या शब्दांत लिहिण्यात आले. त्यांनी दिलेल्या माहितीनुसार पहिल्या वर्षात विक्री ३० कोटी डॉलरांनी वाढली. आकड्याची भव्यता घटकाभर बाजूला ठेवू. आपल्या दृष्टीने लक्षणीय बाब ही की येथे रंग बदलला नाही, चित्र बदलले नाही. एक सक्ती गेली आणि तिच्या जागी दोन-तीन वाक्ये आली. ती वाक्ये कोणीतरी विचारपूर्वक लिहिली होती.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही ब्रिटनचेच आहे. २०१२ मध्ये तेथील शासनाने नागरिकांसाठीचे आणि उद्योजकांसाठीचे अशी दोन स्वतंत्र संकेतस्थळे मोडून ‘गव्ह डॉट यूके’ हे एकच स्थळ उभारले. त्यावर सजावट जवळजवळ नाही. अक्षरवळण रस्त्यावरील दिशादर्शक पाट्यांच्या जुन्या अक्षरांवरून घेतलेले, वाक्ये आखूड, आणि प्रत्येक पानाला एक काम. २०१३ मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमने वर्षातील सर्वोत्तम रचनेचा पुरस्कार या साध्या स्थळाला दिला, तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले. तसे वाटण्याचे कारण नाही. जे स्थळ आपले काम चटकन करून देते, त्याची ओळख त्या अनुभवातूनच ठसते.

आता आपल्या परिसरातील एक काल्पनिक उदाहरण घेऊ. वेंगुर्ल्यातील एका काजू-प्रक्रिया उद्योगाला आपले संकेतस्थळ नव्याने करावयाचे आहे. सध्याच्या मुखपृष्ठावर पहिले वाक्य आहे : ‘गुणवत्ता हाच आमचा ध्यास, ग्राहकांचा विश्वास हीच आमची संपत्ती.’ या वाक्याची एक सोपी कसोटी आहे. त्यावरील उद्योगाचे नाव झाका आणि तेथे एखाद्या सिमेंट कंपनीचे किंवा शिकवणी-वर्गाचे नाव घाला. वाक्य तेथेही तितकेच चपखल बसते. जे वाक्य कोणाच्याही दारावर लावता येते, त्यातून नाममुद्रा घडत नाही. त्याऐवजी काजू कोठून येतो, टरफल काढण्याचे काम कसे होते, डब्ल्यू २४० आणि डब्ल्यू ३२० या प्रतींत फरक काय, हे लिहावे. एका पौंडात साधारण किती गर बसतात यावरून ही प्रत ठरते, म्हणजे आकडा लहान तितका गर मोठा, ही माहिती दिली की ‘प्रीमियम दर्जा’ हे शब्द लिहिण्याची गरजच उरत नाही.

पुनर्रचनेचे काम रंगांच्या तक्त्यापासून सुरू करू नये. आधी असलेल्या सर्व पानांची यादी करावी. प्रत्येक पानापुढे ते कोणाच्या कोणत्या गरजेसाठी आहे हे लिहावे. ज्यापुढे काहीच लिहिता येत नाही, ते पान काढता येते. (संचालकांच्या सत्काराची छायाचित्रे येथे पहिल्यांदा अडचणीत येतात, आणि बहुधा तीच टिकून राहतात.) जुनी पाने हलवली तर त्यांच्या जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर कायमस्वरूपी पुनर्निर्देशन करावे, अन्यथा शोधयंत्रातून येणारा ग्राहक रिकाम्या पानावर पोचतो. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, असा आंतरराष्ट्रीय सुगम्यता-निकषांचा दंडक आहे, फिकट राखाडी अक्षरे कितीही आधुनिक दिसली तरी साठीच्या वाचकाला ती दिसत नाहीत. या बाबी तंत्रज्ञ पाहतात. लेखकाला त्या ठाऊक असाव्यात एवढेच.

लेखकाचे खरे क्षेत्र मराठी मजकूर हे आहे, आणि तेथेच आज सर्वाधिक हेळसांड दिसते. बहुतेक ठिकाणी रचना इंग्रजी मजकुरावर पक्की होते आणि मराठी शेवटच्या आठवड्यात, अनेकदा यंत्राकडून, भरली जाते. इंग्रजीतील ‘अप्लाय’ हा एकच शब्द नोकरीच्या पानावरही असतो आणि सवलतीच्या कूपनशेजारीही. यंत्र दोन्हीकडे ‘लागू करा’ लिहिते; उमेदवार बुचकळ्यात पडतो, कारण त्याला ‘अर्ज करा’ हवे असते. ‘ऑर्डर’चा कोठे ‘आदेश’ होतो, कोठे ‘क्रम’. ‘चेकआउट’चे ‘तपासा’ होते. संदर्भ न पाहता शब्दाला शब्द ठेवला की असे होणारच. उलट ‘पासवर्ड’ला ‘परवलीचा शब्द’ म्हणण्याचा आग्रहही येथे उपयोगाचा नाही. ग्राहक जो शब्द तोंडाने उच्चारतो तो बटणावर असावा, हा निकष शुद्धीच्या आग्रहापेक्षा वरचा मानावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

संबोधनाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. इंग्रजीत एका सर्वनामाने भागते. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतून निवड करावी लागते, आणि त्या निवडीतूनच व्यवसायाचा स्वभाव प्रकट होतो. मुखपृष्ठावर ‘आपले स्वागत आहे’, पुढच्या पानावर ‘तुमचा पत्ता टाका’ आणि चूक झाल्यावर ‘चुकीची माहिती भरली आहेस’ असे आले, तर तीन वेगवेगळी माणसे बोलत आहेत असे वाटते. क्रियापदातील लिंगाकडेही लक्ष द्यावे. ‘मी पासवर्ड विसरलो’ हे बटण निम्म्या ग्राहकांना वगळते, ‘पासवर्ड विसरलात?’ यात ती अडचण नाही. नाममुद्रेचा ‘स्वर’ म्हणून जे शिकवले जाते, ते मराठीत अशा प्रत्ययांतून घडते.

देवनागरी लिपीच्याही काही मागण्या आहेत. रोमन अक्षरांसाठी ठरवलेले ओळींमधील अंतर तसेच ठेवले, तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडतात. शीर्षकाला ऐसपैस दाखवण्यासाठी अक्षरांमध्ये अंतर वाढवले, तर शिरोरेखा तुटते आणि शब्द विस्कटतो. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर तसाच चिकटवला, तर पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात. तो चित्र म्हणून लावला, तर वाचता येतो पण शोधता येत नाही. शोधचौकटीने ‘काजू’ आणि ‘काजु’ हे दोन्ही स्वीकारले पाहिजेत, तसेच रोमन लिपीत टंकलेला काजूही.

हे सर्व झाल्यावर चाचणी घ्यावी. जेकब नील्सन या वापरसुलभतेच्या अभ्यासकाने २००० मध्ये असे मांडले की एका फेरीत पाच वापरकर्ते पुरतात. त्यांच्याकडूनच बहुतेक दोष उघडे पडतात. ‘संकेतस्थळ कसे वाटले?’ हा प्रश्न त्यांना विचारू नये. भिडेखातर सारेच ‘छान’ म्हणतात. त्याऐवजी ‘पाव किलो डब्ल्यू २४० काजू पुण्याच्या पत्त्यावर मागवा’ असे काम द्यावे आणि आपण गप्प बसावे. बोट कोठे थबकते, कोणता शब्द दोनदा वाचला जातो, याची नोंद घ्यावी. या पाचांपैकी निदान दोघे जुने ग्राहक असावेत, कारण नव्या रचनेत काय हरवले आहे ते फक्त त्यांनाच सांगता येते.

स्वयंअध्ययनासाठी : पुढील मजकूर एका काल्पनिक प्रवासी कंपनीच्या मुखपृष्ठावरील आहे. ‘आमच्या जगात आपले स्वागत! अविस्मरणीय क्षणांचे आम्ही शिल्पकार. तुझा प्रवास आजच पुस्तक करा. सबमिट.’ यातील संबोधन, क्रियापदे आणि बटणावरील शब्द यांची छाननी करा. नंतर कोल्हापूरहून अष्टविनायक यात्रेला आई-वडिलांना पाठवू पाहणारा ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून हा मजकूर ४० शब्दांत पुन्हा लिहा, आणि घरातील एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीला तो मोबाइलवर वाचावयास द्या.