पुरुषांचीं हाडें आणि टेस्टोस्टेरॉन

हाडें ठिसूळ होणें हा केवळ वृद्ध स्त्रियांचा विकार होय, असा समज आपल्या कुटुंबांत दृढ आहे. परंतु आजोबांचेंही हाड साध्या पडण्यानें मोडतें. आणि खुब्याचें हाड मोडल्यावर दगावणाऱ्यांचें प्रमाण स्त्रियांपेक्षां पुरुषांतच अधिक आढळतें.

पुरुषाच्या वृषणांत टेस्टोस्टेरॉन नांवाचा अंतःस्राव उत्पन्न होतो. बुटेनांट व रुझिका ह्या शास्त्रज्ञांनीं तो १९३५ सालीं कृत्रिम रीतीनें सिद्ध केला. त्याचा कांहीं अंश शरीरांतच ईस्ट्रोजेनमध्यें रूपांतर पावतो. हा स्राव स्त्रियांचा म्हणून प्रसिद्ध असला, तरी पुरुषांच्या हाडांचें रक्षणही बऱ्याच अंशीं तोच करतो. टेस्टोस्टेरॉन फार घटलें, कीं हाडें विरळ होतात.

तर मग तें बाहेरून दिलें असतां हाडें बळकट होतील, असें अनुमान सहजच सुचतें. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील एका प्रयोगांत वर्षभर हें औषध त्वचेस लावणाऱ्या वृद्धांच्या हाडांची घनता वाढलीही. परंतु २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगानें निराळेंच दाखविलें. त्यांत टेस्टोस्टेरॉन कमी असलेले व हृदयविकार किंवा त्याचा धोका असलेले पांच हजारांवर पुरुष होते. सुमारें तीन वर्षांत औषध घेणाऱ्या २६०१ जणांपैकीं ९१ जणांचीं हाडें मोडलीं. औषधविरहित लेप लावणाऱ्या २६०३ जणांपैकीं ६४ जणांचीं. ह्याचें कारण अद्याप निश्चित झालेलें नाहीं. पण अनुमानापेक्षां प्रत्यक्ष बलवत्तर, हें नैयायिकांचें मत येथें स्मरावें. घनता हें केवळ माप. हाड न मोडणें हें फळ.

वृषण किंवा मस्तकांतील पीयूषिका ग्रंथि बिघडल्यानें ज्यांचा स्राव खरोखरच तुटला आहे, त्यांस हा उपचार उपयोगी आहे. मात्र दोन निरनिराळ्या दिवशीं सकाळीं रक्त तपासल्यावर व वैद्यांच्या देखरेखीखालींच. केवळ हाडांसाठीं तो घेऊं नये; त्यांसाठीं निराळीं औषधें आहेत. संततीची इच्छा असलेल्या तरुणानें तर विशेष सावध असावें, कारण ह्या औषधानें शुक्रजंतूंची उत्पत्ति मंदावते.

कडावसारख्या आमच्या गांवीं पावसाळ्यांत अंगणांतील फरशी शेवाळते. ती घासून ठेवावी, रात्रीं न्हाणीच्या वाटेवर दिवा असावा. नाचणी, दूध, सकाळचें ऊन व नित्य चालणें ह्यांची हेळसांड होऊं नये, तंबाखू सोडावी. आणि साध्या पडण्यानें घरांतील वडिलांचें हाड मोडलें, तर ‘वयच झालें’ म्हणून स्वस्थ न बसतां त्यांच्या हाडांची तपासणी अवश्य करवून घ्यावी.