रांगेत चौघं, विमानात तिघं

'मावशी अमेरिकेत आहे ना? मग काय, तुमचं सेटिंग झालं!' असं तुम्हालाही कुणीतरी ऐकवलं असेल. पण फॅमिली व्हिसाच्या रांगेत नंबर लागतो कधी, आणि मुख्य म्हणजे लागतो कुणाचा? जवळजवळ वीस वर्षं या रांगेत काढलेल्या एका घराची ही गोष्ट. घर अर्थातच माझं.

मार्च २०२५. सकाळचे पावणेसात. वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्समध्ये अमेरिकन कॉन्सुलेटबाहेरच्या फुटपाथवर मी उभी होते. खांद्याला आईची पर्स, हातात तीन मोबाइल आणि पोह्यांचा डबा. मोबाइल आत चालत नाहीत, त्यामुळे ते सांभाळायला घरचं कुणीतरी बाहेर लागतंच. आई ठेवणीतली साडी नेसून, बाबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून आणि धाकटा भाऊ तारवटलेल्या डोळ्यांनी कागदांचा जाडजूड गठ्ठा घेऊन आत गेले होते. इंटरव्ह्यू होता. टुरिस्ट व्हिसाचा नव्हे, कायमचं राहायला जायच्या व्हिसाचा.

'तू नाही गेलीस आत?' शेजारच्या काकूंनी विचारलं.

'माझं वय बसलं नाही.'

काकूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. अठ्ठावीस वर्षांची घोडी, हिचं कसलं वय बसत नाही?

सांगते.

श्रीखंडाचा दिवस

आईची सख्खी मोठी बहीण, म्हणजे माझी मावशी, १९८९ मध्ये लग्न होऊन न्यू जर्सीला गेली. पुढे ती तिथली नागरिक झाली आणि जानेवारी २००६ च्या पहिल्या आठवड्यात तिने आईसाठी आय-१३० नावाचा फॉर्म भरला. भावंडासाठी अर्ज करता येतो तो फक्त नागरिकाला, ग्रीन कार्डवाल्याला नाही. मी तेव्हा नऊ वर्षांची होते, भाऊ सहाचा. त्या दिवशी आमच्या ठाण्याच्या वन बीएचकेमध्ये श्रीखंड आलं होतं आणि 'पोरांची लाइफ बनली' असं बाबा म्हणाले होते.

चार-पाच वर्षांत नंबर लागेल असा सगळ्यांचा हिशेब. त्या हिशेबावर घरातल्या बऱ्याच गोष्टी अडल्या. मोठा फ्लॅट घ्यायचा? 'कशाला, जायचंच आहे.' बाबांना बदलीवर प्रमोशन मिळत होतं. 'आता कुठे हलायचं?' आमचा फ्रिज तीनदा दुरुस्त झाला, पण बदलला नाही.

एफ-फोर म्हणजे काय रे भाऊ?

अमेरिकन नागरिकाचा नवरा किंवा बायको, एकविशीच्या आतली अविवाहित मुलं आणि आई-वडील यांच्यासाठी वर्षाचा कोटा नसतो. (आई-वडिलांसाठी अर्ज करणारं लेकरू मात्र २१ वर्षांचं हवं.) बाकीचे सगळे कोट्यातले. त्यातही भावंडं शेवटच्या वर्गात, म्हणजे एफ-फोरमध्ये. १९९० च्या कायद्याने या वर्गाला वर्षाला ६५ हजार व्हिसा ठरवून दिले आणि भावंडाचा जोडीदार नि मुलं यांची डोकीही त्यातच मोजली जातात. शिवाय कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. मग तो देश आइसलँडएवढा असो की भारताएवढा!

अर्ज दाखल झाला तो दिवस म्हणजे तुमची 'प्रायॉरिटी डेट'. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं. त्यातली तारीख तुमच्या तारखेच्या पुढे गेली, की नंबर लागला. २०२५ मध्ये भारतीय भावंडांची ही तारीख २००६ मध्ये घुटमळत होती, मेक्सिकोची तर २००१ मध्ये. लोक क्रिकेटचा स्कोअर बघतात तसं बाबा बुलेटिन बघायचे. कधी दोन आठवडे पुढे, कधी जागच्या जागी, तर कधी चक्क मागे!

तोवर निदान फिरायला तरी जाऊन यावं? टुरिस्ट व्हिसाच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो: तुमच्यासाठी कुणी इमिग्रंट अर्ज केलाय का? आईचं उत्तर 'हो'. आणि त्यानंतर 'मी नक्की परत येणार' हे समोरच्याला पटवायचं. आईने तो नादच सोडला. मावशीच दर तीन-चार वर्षांनी चॉकलेटं घेऊन येत राहिली.

तांदळातलं नाव

२०२३ च्या दिवाळीनंतर मावशीला अमेरिकेच्या नॅशनल व्हिसा सेंटरचा ईमेल आला. फी भरा, कागद जमवा. फी माणशी ३२५ डॉलर आणि स्पॉन्सरच्या प्रतिज्ञापत्राचे १२०. तिघांचे मिळून १,०९५.

पैसे सोपे होते, कागद नव्हते. या दोघी सख्ख्या बहिणी आहेत, हे सिद्ध करायचं होतं. आईचा जन्म १९६८ चा, राजापूर तालुक्यात, घरच्या घरी. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा आला १९६९ मध्ये. अर्थातच नोंद सापडेना. मग 'नोंद आढळत नाही' असा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि आईचा जन्म माहीत असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र. आजीची धाकटी बहीण, वय वर्षं ८४, नोटरीला ठणकावून म्हणाली, 'हिची नाळ कापली तेव्हा कंदील मी धरला होता, तेही लिहा.'

खरा घोळ झाला नावाचा. लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने आईचं नवं नाव लिहिलं होतं. झालं, शाळेच्या दाखल्यावर एक बाई आणि पासपोर्टवर दुसरीच! नाव, मधलं नाव, आडनाव, तिन्ही वेगळं. विवाह नोंदणीचा दाखला आणि आणखी एक प्रतिज्ञापत्र जोडून ती दोन माणसं एक केली. आईचा शेरा एवढाच: 'तीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी माझं जुनं नाव विचारलं.'

मग स्पॉन्सर. जाणाऱ्यांना सरकारवर भार होऊ देणार नाही, असं मावशीने लिहून द्यायचं आणि तेवढं उत्पन्नही दाखवायचं. तिथल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के. मावशी नुकतीच रिटायर झालेली. शेवटी तिच्या मुलाने जॉइंट स्पॉन्सर म्हणून सही केली. ज्याला मी आयुष्यात तीनदा भेटलेय, त्याने माझ्या आई-बाबांची जबाबदारी घेतली. ही जबाबदारी ते नागरिक होईपर्यंत, किंवा साधारण दहा वर्षांच्या कामाची नोंद होईपर्यंत सुटत नाही.

गणित वयाचं

आता माझ्या वयाकडे येऊ. भावंडाच्या अर्जात मुलं आपोआप जातात, पण ती अविवाहित आणि एकविशीच्या आतली हवीत. नंबर लागेपर्यंत मुलंच म्हातारी व्हायला लागली, म्हणून २००२ मध्ये तिथे एक कायदा झाला. त्याचं गणित असं: नंबर लागेल त्या वेळचं वय घ्या. मूळ अर्ज दाखल झाल्यापासून मंजूर होईपर्यंत जेवढा काळ गेला, तो त्यातून वजा करा. उत्तर २१ च्या आत असेल तर तुम्ही कायद्याने अजून 'मूल'. शिवाय नंबर लागल्यापासून वर्षाच्या आत पुढचा अर्ज करायला हवा.

मावशीचा अर्ज जुलै २०१० मध्ये मंजूर झाला. म्हणजे साडेचार वर्षं. नंबर लागला २०२४ च्या मध्याला. भाऊ तेव्हा चोवीस वर्षं आठ महिन्यांचा. वजा साडेचार, उरले वीस वर्षं दोन महिने. पास! मी साडेसत्तावीस. वजा साडेचार, उरले तेवीस. नापास.

हे गणित मी डायनिंग टेबलवर, बाबांच्या जुन्या कॅल्क्युलेटरवर तीनदा केलं. कुणी काही बोललं नाही. भाऊ उठून बाल्कनीत गेला. निदान मावशीच्या अर्जाची २००६ ची तारीख तरी मला वापरता येईल? २०१४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने वय उलटून गेलेल्या माझ्यासारख्या मुलांना ती मिळणार नाही, असा निकाल दिला. विषय संपला.

काचेच्या पलीकडे

साडेदहाला तिघं बाहेर आले. व्हिसा मंजूर. बाबा हसत होते, आईचे डोळे लाल. पोहे गार झाले होते, तसेच खाल्ले. आत काय झालं ते भावाने रिक्षात सांगितलं. बहिणीला शेवटचं कधी भेटलात, ती काय करते, असे साधेच प्रश्न. मग फॉर्म बघत अधिकाऱ्याने विचारलं, मुलं किती? फॉर्ममध्ये सगळ्या मुलांची नावं द्यावी लागतात, येणारी असोत वा नसोत. आई म्हणाली, 'दोन.' आणि मग, न विचारताच, 'मुलगी बाहेर उभी आहे.'

तेव्हा मला कळलं, ते असं. अर्ज एका कुटुंबाने केलेला असतो आणि इंटरव्ह्यूला पोचतं भलतंच कुटुंब. २००६ मधल्या नऊ आणि सहा वर्षांच्या पोरांसाठी आई-बाबांनी एवढं सगळं थांबवून ठेवलं. ती पोरं आता कुठे आहेत? रांगेचा फायदा झाला तो भावाला. एच-वन-बीच्या लॉटरीशिवाय, कुठल्याही कंपनीच्या मेहेरबानीशिवाय तो आज तिथे नोकरी करतोय. पण आई सत्तावन्नची आणि बाबा बासष्टचे. त्यांना वीस वर्षांनी नवीन देश मिळाला, जिथे किराणा आणायलाही गाडी लागते.

चौकट : घरात अशी फाइल असेल तर

• मंजुरीची नोटीस शोधा. दाखल झाल्याची आणि मंजुरीची, दोन्ही तारखा लिहून ठेवा आणि वयाचं गणित आजच करा.

• नंबर लागण्याआधी किंवा व्हिसावर तिथे पोचण्याआधी लग्न केलंत, तर आई-बाबांच्या अर्जातून तुम्ही बाद.

• अर्ज करणारा नातेवाईक दरम्यान वारला, तर अर्ज सहसा रद्द होतो. माणुसकीच्या कारणाने तो पुन्हा जिवंत करण्याची विनंती करता येते, पण खात्री नाही.

• जन्मदाखला, नावबदल, विवाह नोंदणी ही कामं नंबरची वाट न बघता उरकून टाका.

• ग्रीन कार्ड म्हणजे दहा वर्षांचा टुरिस्ट व्हिसा नव्हे. तिथे राहावं लागतं. परवानगीशिवाय वर्षाहून जास्त बाहेर राहिलात तर कार्ड धोक्यात येतं. इथल्या एफडीचं व्याजही तिथल्या टॅक्स रिटर्नमध्ये दाखवावं लागतं.

• आई-बाबा पासष्टीच्या पुढचे असले तरी मेडिकेअर विकत घ्यायला आधी पाच वर्षं सलग रहिवास लागतो. तोवरच्या आरोग्य विम्याचा खर्च आधी काढा, तिकिटाचा नंतर.

लग्न की लाइन?

जुलै २०२५ मध्ये तिघं गेले. ठाण्याच्या घरात मी आणि तो फ्रिज.

पण गोष्ट इथे संपत नाही, कारण आई आता ग्रीन कार्डवाली आहे आणि माझ्यासाठी अर्ज करू शकते. वर्ग एफ-टू-बी, म्हणजे एकविशीपुढची अविवाहित मुलं. २०२५ मध्ये त्या रांगेत २०१६ चे अर्ज चालू होते. थोडक्यात, आठ-नऊ वर्षं. अट एकच: मी अविवाहित राहायचं. आई नागरिक होण्याआधी मी लग्न केलं, तर अर्ज तिथेच बाद. आणि ती नागरिक झाल्यावर विवाहित मुलीसाठी अर्ज केला, तर ती रांग आणखी लांब. त्या वर्षी तिथे २०१० नि २०११ मधल्या भारतीय अर्जांचा नंबर लागत होता.

माझं लग्न ठरलंय. तो पुण्याचा आहे, चार वर्षं आम्ही एकमेकांना ओळखतो. आईने फोनवर चाचरत विचारलं, 'फॉर्म भरून ठेवू का? थांबशील थोडं?' तिच्याकडे सकाळचे साडेदहा वाजले होते, माझ्याकडे रात्रीचे आठ. मी म्हटलं, 'आई, तू थांबलीस ना वीस वर्षं. आपल्या घराचा कोटा संपला.'

बराच वेळ ती काही बोलली नाही. मला वाटलं, लाइन कट झाली. मग म्हणाली, 'बरं. मुहूर्त बघते. आम्ही तिघं महिनाभर आधी येतो. आणि हे बघ, तांदळात काय लिहायचं ते लिहू दे त्याला, पण तू नाव बदलू नकोस हं. पुढे कागदांना फार त्रास होतो.'