निमाडचा कापूस महेश्वरच्या मागापर्यंत

इंदूरच्या मराठी घरांना महेश्वरी साडी नवी नाही. अहिल्याबाईंनी महेश्वरला विणकर वसवले, हेही आपण लहानपणापासून ऐकतो. महेश्वरभोवतीच्या निमाडात, म्हणजे खरगोन, खंडवा, बडवानी या जिल्ह्यांत, कापूस भरपूर पिकतो. तरी महेश्वरी साडीचे सूत बहुतांशी कोइमतूरकडून आणि रेशीम बंगळुरूकडून येते. शेत आणि माग शेजारी असून हे अंतर का, आणि ते मिटल्यास लहान शेतकऱ्याला काय मिळेल, हे आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

शेतीपुरते बोलायचे तर उत्तर आपल्या शहरातच सापडले होते. होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर 1924 साली इंदूरला कापूस संशोधनासाठी एक संस्था सुरू झाली. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. संस्थेचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांचे पुस्तक 1931 साली निघाले आणि 'इंदूर पद्धतीचे' कंपोस्ट जगभर पोहोचले. काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख थराथराने रचायची, ढीग तीनदा उलटायचा. साधारण तीन महिन्यांत खत तयार होते. कडक पऱ्हाटी आधी गाडीवाटेवर पसरून चाकांखाली चिरडून घेत. शेतातले शेतालाच परत द्यायचे, हे या पद्धतीचे मर्म. जोडीला कापसात तूर किंवा मूग घेतला, कोरडवाहू रानात कमी पाण्यावर तगणारे देशी वाण लावले, तर रोख खर्च उतरतो. कापूस हातचा गेला तरी घरात डाळ येते.

खरी अडचण शेताच्या बांधापलीकडे आहे. एका शेतकऱ्याचा दहा क्विंटल कापूस धरा. सरकी काढल्यावर सुमारे एक तृतीयांश रुई उरते, म्हणजे 170 किलोच्या जेमतेम दोन गाठी. दोन गाठींसाठी जिनिंगवाला यंत्र साफ करून वेगळे चालवत नाही. माल मंडीत इतरांच्या ढिगात मिसळतो आणि विषारी फवारणीशिवाय पिकवल्याचे मोल तिथेच संपते. देशी कापसाचा तंतू आखूड असतो. गिरण्यांना लांब तंतू हवा, त्यामुळे तिथेही त्याला मागणी कमी.

म्हणून तीन गोष्टी एकत्र लागतात. पहिली, गट: पंचवीस-तीस जणांचा माल एकत्र आला तर जिनिंग वेगळे करून घेता येते. शिवाय शेतकऱ्यांनी एकमेकांची शेते तपासायची 'पीजीएस' ही हमीची पद्धत लहान गटांना परवडते. दुसरी, जवळची सूतकताई: आखूड तंतू हातकताईला चालतो. महेश्वरला 'वुमनवीव्ह' संस्थेच्या 'गुडी मुडी' उपक्रमात स्थानिक कापसापासून स्त्रिया सूत काततात आणि त्याची खादी विणली जाते. तिसरी, पेरणीपूर्वी ठरलेली खरेदी. रासायनिक शेती सोडताना पहिली दोन-तीन वर्षे उत्पन्न घटू शकते आणि प्रमाणपत्रही हाती नसते. तो भार एकट्या शेतकऱ्यावर पडला, तर तो मागे फिरतो.

इथे आपलाही वाटा आहे. सणासाठी कापड घेताना रंग आणि काठ पाहतो, तसे दुकानदाराला दोन प्रश्न विचारावेत: सूत कुठले, आणि कापूस कोणत्या भागातला? हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, तर विक्रेत्याला त्यांची उत्तरे शोधावी लागतील. हातकताईचे कापड थोडे महाग आणि जाडेभरडे असते. त्या जादा पैशातला किती भाग शेतकऱ्याला आणि कातणाऱ्या बाईला मिळतो, हेही अवश्य विचारावे.