इस्लाह, दाद आणि हौशी कवी : मराठी गझलेच्या संदर्भात

प्रास्ताविक

कविता लिहिणाऱ्यांपैकी फारच थोड्यांची कविता संग्रहरूपाने प्रकाशित होते आणि ज्यांची होते त्यांतीलही मोजक्यांकडेच समीक्षकांचे लक्ष जाते. उरलेल्या फार मोठ्या वर्गाला, ज्याला सोयीसाठी ‘हौशी कवी’ असे म्हटले जाते, आपला वाचक आपल्यासारख्याच दुसऱ्या कवीत शोधावा लागतो. पूर्वी हा शोध गावातील काव्यमंडळात, कविसंमेलनाच्या मांडवात किंवा महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकापाशी संपत असे. २००० नंतर युनिकोडमुळे संगणकावर देवनागरी लिहिणे सुलभ झाले आणि हा व्यवहार आंतरजालावर आला. आता तो मुख्यतः भ्रमणध्वनीवरील समूहांतून चालतो. कविता टाकायची, इतरांनी तिच्यावर अभिप्राय द्यायचा आणि आपणही इतरांच्या कवितेवर तो द्यायचा, असे त्याचे साधे रूप आहे.

या व्यवहाराची साहित्याच्या अभ्यासकांकडून बहुधा टिंगलच होते. ‘वा, छान!’ यापलीकडे त्यात काही नसते, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप निराधार नाही. परंतु मराठी गझलेच्या क्षेत्रात याच हौशी व्यवहारातून ओळीओळीची कसून चिकित्सा होते, हेही तितकेच खरे आहे. एकाच माध्यमात एका काव्यप्रकाराला नुसती वाहवा मिळावी आणि दुसऱ्याला दुरुस्ती मिळावी, असे का होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पत्रातून चालणारी शिकवण

गझलेच्या परंपरेत नवोदिताने आपली रचना उस्तादाला दाखवावी आणि उस्तादाने तीत दुरुस्ती सुचवावी, या रीतीला ‘इस्लाह’ असे म्हणतात. ही शिकवण समोरासमोर बसूनच होत असे असे नाही. मिर्झा गालिब यांच्याकडे शिष्यांच्या गझला टपालाने येत आणि दुरुस्तीसह परत जात. मुन्शी हरगोपाल ‘तफ्ता’ यांच्यासारख्या शिष्यांना लिहिलेल्या पत्रांत एखादा शब्द का चालत नाही, याची कारणे गालिब देतात. पुढील पिढीत दाग देहलवी हैदराबादेत असताना त्यांचे शिष्य दूरदूरच्या शहरांतून पत्राने इस्लाह घेत. तरुण वयातील इक्बाल हे त्यांपैकी एक. आपल्या रचनेत दुरुस्तीला आता वाव उरलेला नाही, असे दाग यांनी इक्बाल यांना लवकरच कळविले, असे सांगितले जाते. म्हणजे ज्याची भेट होत नाही अशा माणसाकडून केवळ लिखित मजकुराच्या आधारे कविता सुधारून घेणे, ही गोष्ट आंतरजालाने नव्याने आणलेली नाही.

मराठीत गझलेचा आकृतिबंध जाणीवपूर्वक आणण्याचे श्रेय माधव जूलियन यांना दिले जाते. फारसीचे प्राध्यापक असलेल्या या कवीचा ‘गज्जलांजलि’ हा संग्रह १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. ते ज्या रविकिरण मंडळाचे सदस्य होते, ते मंडळही परस्परांच्या कविता ऐकण्यासाठी एकत्र आलेल्यांचेच होते. पुण्यात १९२३ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळात यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमा रानडे आदी मंडळी होती. चहाच्या निमित्ताने जमून कवितावाचन करणाऱ्या या मंडळावर परस्परप्रशंसेचा आरोप झाला आणि आचार्य अत्रे यांच्या ‘झेंडूची फुले’ (१९२५) मधील विडंबनांना त्याने भरपूर खाद्य पुरविले. उंटाच्या लग्नात गाणाऱ्या गाढवांचे संस्कृत सुभाषित लक्षात घेतले, तर हा आरोप रविकिरण मंडळाहूनही बराच जुना ठरतो.

मराठी गझलेला मात्र इस्लाहची खरी सवय लावली ती सुरेश भट (१९३२–२००३) यांनी. प्रत्येक शेर ही स्वतंत्र, स्वयंपूर्ण कविता असली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्याच्या जोडीला त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहून वृत्त, काफिया, रदीफ आणि अलामत यांचे नियम नवोदितांच्या हाती दिले व स्वतः अनेकांना पत्रांतून आणि भेटींतून मार्गदर्शन केले. या बाराखडीचा परिणाम त्यांच्या हयातीनंतरही टिकला, याचे कारण तिच्या स्वरूपात आहे. नियम लिहून ठेवलेले असल्यामुळे उस्ताद नसतानाही एक नवशिका दुसऱ्या नवशिक्याची ओळ तपासू शकतो. जे काम पूर्वी एका अधिकारी व्यक्तीकडे होते, ते बरोबरीच्या माणसांत वाटले गेले.

एका ओळीची दुरुस्ती

हे काम प्रत्यक्षात कसे चालते, हे केवळ स्पष्टीकरणासाठी रचलेल्या एका ओळीवरून पाहता येईल. समजा, भुजंगप्रयात वृत्तात, म्हणजे ‘लगागा लगागा लगागा लगागा’ या लगावलीत (ल = लघु, गा = गुरू), एका नवोदिताने पुढील मिसरा लिहिला :

कुणी ठेवले दार अर्धे उघडे

पहिले तीन गण बिनचूक आहेत : ‘कुणी ठे’, ‘वले दा’, ‘र अर्धे’. चौथ्या ठिकाणी ‘लगागा’ हवे असताना ‘उघडे’ हा शब्द ‘ललगा’ असा पडतो. ओळीत वीस मात्रांऐवजी एकोणीसच भरतात. ही चूक दाखविण्यासाठी वाचकाला मोठा रसिक असण्याची गरज नाही; बोटांवर मोजता आले म्हणजे पुरे. चूक मान्य करतानाही कवीला अपमान वाटण्याचे कारण नसते, कारण दोष त्याच्या अनुभवात किंवा भावनेत काढलेला नसून एका मात्रेत काढलेला असतो. अनोळखी माणसांच्या व्यवहारात ही बाब फार महत्त्वाची आहे.

आता एक प्रतिसादक सुचवितो : ‘कुणी दार अर्धे खुले ठेवलेले’. वृत्त जुळले. पण दुसरा वाचक हरकत घेतो. दार ‘उघडे’ असते. ‘खुले’ मैदान असते, पत्र असते, अधिवेशन असते. ‘खुले दार’ म्हटल्यावर घरातील दार जाऊन धोरणातील दार डोळ्यांपुढे येते. ही हरकत मात्रा मोजून सिद्ध होत नाही, तिला भाषेचा कान लागतो. मग तिसरा सुचवितो : ‘कुणी लोटले दार अर्धे मघाशी’. वृत्त निर्दोष, ‘दार लोटणे’ हा घरगुती प्रयोगही अस्सल मराठी. परंतु मूळ ओळीत दार कुणाची तरी वाट पाहत अर्धे उघडे ठेवलेले होते. या ओळीत ते कुणीतरी जाता जाता अर्धे मिटलेले आहे. एका मात्रेच्या दुरुस्तीसाठी निघालेली चर्चा ओळीचा आशय उलटा करून थांबली.

इथे इस्लाहचे बळ आणि तिचा धोका दोन्ही एकदम दिसतात. मोजता येणाऱ्या नियमामुळे संवाद सुरू होतो, इतरांचे लक्ष शब्दावर खिळते आणि त्यातून ‘उघडे’ व ‘खुले’ यांतील फरकापर्यंत पोहोचता येते. नियमच नसता तर त्या शब्दापाशी कुणी थांबले असते का, याची शंका आहे. पण तिसरी ओळ स्वीकारली तर ती कुणाची म्हणायची? जुन्या परंपरेत शिष्य उस्तादाचे ऋण उघडपणे सांगत असे, किंबहुना अमुक यांचा शागिर्द असणे हीच त्याची ओळख असे. समूहातील चार अनोळखी प्रतिसादकांचे ऋण कोण आणि कसे सांगणार? मूळ ओळ चुकीची असली तरी ती कवीची होती, आणि काही वेळा चूक ठेवून नवी ओळ शोधत राहणेच त्याच्या हिताचे असते. ‘उघडे’ हा शब्द त्याला सोडवत नसेल, तर त्याने वृत्त बदलावे, असा सल्ला द्यायला हवा. तो क्वचितच दिला जातो.

काफियाच्या बाबतीतही असेच घडते. मतल्यात ‘जातो’ व ‘गातो’ असे काफिये बांधले, तर ‘तो’पूर्वीचा ‘आ’ हा स्वर अलामत म्हणून पुढे सांभाळावा लागतो. चौथ्या शेरात ‘येतो’ आला की ‘अलामत भंगली’ असा प्रतिसाद येतोच, मग त्या शेरातील विचार कितीही मोलाचा असो. तंत्र बिनचूक आणि शेर निर्जीव, अशा गझलांचे अमाप पीक येण्यामागे हे एक कारण आहे. ज्या गुणाला गझलकार ‘गझलियत’ म्हणतात, त्याची चर्चा करायला मोजपट्टी नाही, म्हणून ती चर्चा टळते.

शुद्ध कशाला म्हणायचे?

दुरुस्तीच्या नावाखाली आणखीही एक गोष्ट होते, आणि ती महाविद्यालयीन अध्यापकांनी अधिक गांभीर्याने घ्यावी अशी आहे. वऱ्हाडी बोलीत लिहिणाऱ्या कवीने ‘मले’ लिहिले की एखादा प्रतिसादक ते ‘मला’ करून देतो. लगावलीच्या दृष्टीने ‘मले’ आणि ‘मला’ दोन्ही ‘लगा’च आहेत. वृत्ताने बदलाची मागणी केलेलीच नाही. मागणी केली आहे ती सुधारणाऱ्याच्या प्रमाणभाषेच्या सवयीने. अशी दुरुस्ती तांत्रिक चुकांच्या यादीत बसवून दिली की नवोदिताला ती वृत्तदोषाइतकीच निर्विवाद वाटते. सुरेश भट स्वतः अमरावतीचे. त्यांच्या बाराखडीचा आधार घेऊन वऱ्हाडीच पुसली जावी, यातील विसंगती सुधारणाऱ्याच्या लक्षात येत नाही. अहिराणी आणि मालवणीत लिहिणाऱ्यांवरही हीच वेळ येते. ओळ वृत्तात बसते की नाही, हे विचारण्याचा अधिकार प्रतिसादकाला आहे; ती कोणत्या मराठीत असावी, हे ठरविण्याचा नाही.

दाद आणि मौन

मुक्तछंदाची गोष्ट वेगळी. कवी अनिल यांच्यापासून मुक्तछंद मराठीत रुजला, त्यालाही लय असते. पण ती मोजून दाखविता येत नाही. तीवर बोलायचे तर वाचकाजवळ काही वाचन आणि ते मांडण्याचे शब्द लागतात. ते नसले की ‘मनाला भिडली’ एवढेच उरते. मुक्तछंदाच्या वाट्याला नुसती वाहवा येते, त्यात त्या काव्यप्रकाराचे न्यून नसून प्रतिसाद देणाऱ्याच्या हातातील साधनांचे न्यून असते.

मुशायऱ्यातील दादही पुष्कळदा दोनच शब्दांची असते. तरी तिला छटा असतात : मिसरा उचलून धरणे, ‘मुकर्रर’ म्हणून पुन्हा ऐकणे, दुसऱ्या ओळीची उत्कंठा चेहऱ्यावर दिसणे. पडलेल्या शेरानंतरची शांतताही कवीला बरेच काही सांगते. पडद्यावर या शांततेचा अर्थ लागत नाही. कविता आवडली नाही की कुणी वाचलीच नाही, हे कवीला कळत नाही, आणि ही अनिश्चितता टाळण्यासाठी मग परस्परांना दाद देण्याचा अलिखित करार जन्म घेतो. जो इतरांना ‘वा’ म्हणत नाही त्याच्या कवितेला ‘वा’ मिळत नाही. हा हिशेब रविकिरण मंडळावरील आरोपापेक्षा कठोर आहे, कारण त्या मंडळात निदान प्रत्येकाने इतरांची कविता शेवटपर्यंत ऐकलेली असे.

असे असूनही या व्यवहाराला कमी लेखणे योग्य ठरणार नाही. नोकरी, घर आणि मुले सांभाळून परगावच्या संमेलनाला जाणे अनेक स्त्रियांना शक्य नसते. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी भाषकालाही मुशायरा सहज लाभत नाही. दिलेल्या एका मिसऱ्यावर सर्वांनी गझल लिहिण्याची ‘तरही’ची जुनी प्रथा आंतरजालावर नव्याने चालू राहिली, ती अशा लोकांच्या उत्साहावर. एकच वृत्त, एकच काफिया घेऊन अनेकांनी लिहिले की तुलना आपोआप होते आणि कुणाला काय सुचले नाही, हेही प्रत्येकाला आपले आपण कळते. कवितालेखनाच्या कार्यशाळेत किंवा भाषेच्या वर्गात ही पद्धत सहज वापरता येण्याजोगी आहे. तिला फळा आणि एक मिसरा यांखेरीज काही लागत नाही.

मागे काय राहते

गालिब यांची पत्रे ‘ऊद-ए-हिंदी’ (१८६८) आणि ‘उर्दू-ए-मुअल्ला’ (१८६९) या संग्रहांतून छापली गेली. त्यामुळे कोणत्या शब्दाला त्यांनी हरकत घेतली आणि का घेतली, हे आजही वाचता येते. आंतरजालावर कवी दुरुस्ती स्वीकारतो तेव्हा तो बहुधा मूळ ओळीच्या जागी नवी ओळ लिहितो. मूळ ओळ नाहीशी होते आणि तिच्यावरील चर्चा आधारावाचून लोंबकळत राहते. ऑर्कुट ही सेवा २०१४ मध्ये बंद झाली. भ्रमणध्वनीवरील समूहात झालेली चर्चा तर यंत्र बदलताना जपून ठेवली नाही, तर उरत नाही. मराठी गझलेच्या गेल्या वीस-पंचवीस वर्षांच्या जडणघडणीचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याला संग्रह मिळतील, पुरस्कारांच्या याद्या मिळतील. एखाद्या कवीच्या ओळीतील ‘उघडे’ जाऊन ‘मघाशी’ कसे आले, हे सांगणारा कागद मिळणार नाही. ज्या महाविद्यालयांत असे कवी विद्यार्थी म्हणून येतात, तेथील मराठी विभागांना निदान त्यांचे पहिले आणि दुसरे खर्डे, सुचविलेल्या दुरुस्त्यांसह, कवीच्या संमतीने एका वहीत चिकटवून ठेवता येतील.